आलं का?

टीव्हीच्या मागे एकच भोक होतं. रणजितने मोबाइलचा उजेड पाडून ते पाहिलं, मग गुडघ्यांवर बसून पुन्हा पाहिलं. नीट बघितलं तर आणखी एखादं सापडेल, अशी त्याला आशा असावी.

"ताई, ह्याला जोडू कुठं? लाल न्हाय, पिवळं न्हाय, पांढरं न्हाय. येकच भोक हाय, तेबी जुन्या अँटेनाचं."

"तेवढंच आहे," वासंती म्हणाली. "त्यातूनच आणायचं."

रणजित लोणी काळभोरचा. वासंती तिथल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, आणि कॉलेजातल्या प्रोजेक्टरच्या वायरी हाच बघायचा, म्हणून ओळख. दिवाळीची सुट्टी लागताच तिने त्याला नारायण पेठेत बोलावून घेतलं होतं. तो आला तोच घामाने निथळत. ऑक्टोबरचं ऊन जिन्यापर्यंत आत आलेलं होतं.

टीव्ही वासंती दहावीत असताना घेतलेला. लाकडी खोकं, फुगीर काच, आणि वजन इतकं की दोघांनी उचलला तरी तिसऱ्याने "सांभाळून" म्हणायला हवं. तिच्या धाकट्या भावाने, आमोदने, हिंजवडीहून नवा सपाट टीव्ही पाठवून दिला होता. तो खोक्यातच भिंतीला टेकून उभा होता. आमोद फोनवर म्हणायचा, "ताई, तो टीव्ही नाहीये, कपाट आहे. त्यात लोणची ठेवा."

"आईला याचीच सवय आहे."

"आईला विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं. त्या घरात आईला विचारायची पद्धत नव्हती.

हे सगळं अण्णांसाठी होतं. अण्णा म्हणजे वासंतीचे वडील गोपाळकृष्ण, ते एप्रिलमध्ये गेले. वेधशाळेत कारकुनी करून निवृत्त झालेला, ताठ कण्याचा, तिखट जिभेचा माणूस. शेवटच्या महिन्यात त्यांनी केबलवाल्याशी भांडण काढलं, त्याची वायर स्वतःच्या हाताने कापली आणि सरकारी फुकट वाहिन्यांची डिशची छत्री विकत आणली. बसवायला माणूस बोलवायचा नाही. "डिजिटल आकाशातूनच पडतं ना? मग मी गच्चीवर जाऊन झेलतो." आणि भर दुपारी, छत्रीशी झटापट करता करता, ते गच्चीवरच कोसळले. उन्हाचा झटका, म्हणाले डॉक्टर. ऐंशीच्या माणसाने त्या वेळी वर जायचंच कशाला, असंही म्हणाले. वासंती तेव्हा लोणीला वर्गात होती. अस्थी नदीत सोडून झाल्या, दिवस झाले, फोटोला हार चढला. टीव्ही मात्र निळाच राहिला. पडद्यावर एक चौकट आणि आत 'सिग्नल नाही'. धायरीतलं आपलं घर बंद करून ती आईजवळ येऊन राहिली, आणि रोज संध्याकाळी त्या निळ्या काचेसमोर बसून चहा प्यायली. अण्णांचं एक काम अर्धवट राहिलं होतं. तिला बाकी काही पुरं करता येण्यासारखं नव्हतं.

"नको गं," आई म्हणाली होती. "मला नाही बघायचा."

आईचं 'नको' त्या घरात कधी कुणी मोजलेलं नव्हतं. वासंतीनेही नाही मोजलं.

त्या भोकातली वायर ओढत गेल्यावर टीव्हीच्या मागे, धुळीत, अण्णांनी जोडून ठेवलेला एक छोटा काळा डबा निघाला. रणजितने तो पाहिला आणि खूश झाला.

"हे काकांनी जोडूनच ठेवलंय की. हा मधी टाकायचा असतोय. डिशचा डबा बोलणार नवी भाषा, टीव्हीला कळणार जुनी. ह्यो मधी बसून तिकडचं इकडं सांगणार. टीव्ही तीन नंबरला लावून ठेवा फक्त."

मधे बसून तिकडचं इकडे सांगणारा. वासंतीला हसू आलं नाही. त्या घरात ते काम आईचं होतं.

हा टीव्ही नवा होता तेव्हा पुण्यातल्या प्रत्येक गच्चीवरचा अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असायचा. गडावरच्या मनोऱ्यातून चित्र यायचं. वारा आला, कावळा बसला, की अँटेना फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग अण्णा वर जायचे. वासंती टीव्हीपुढे, आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी. ती खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधल्या उभ्या पोकळीत उघडायची, आणि डक्टमधून आवाज थेट गच्चीवर जायचा. अण्णा वरून वाकून विचारायचे, "आलं का?" वासंती आईला सांगायची, आई खिडकीतून वर सांगायची. उत्तरं दोनच. 'आलं' किंवा 'नाही आलं'. एकदा आई म्हणाली, "थोडं थोडं आलंय." अण्णा खाली आले आणि पाहुण्यांदेखत म्हणाले, "थोडं म्हणजे काय असतं? बाई थोडी गरोदर असते का?" पाहुणे हसले. आई तव्यावरची पोळी उलटत राहिली. आणि 'आलं' ऐकल्याशिवाय अण्णा कधी खाली उतरले नाहीत. पावसात नाहीत, उन्हात नाहीत, ताप असताना नाहीत. वासंतीला त्या हट्टाचा तेव्हा अभिमान वाटायचा. अजूनही वाटे.

गच्चीची किल्ली त्यांच्याच घरात खुंटीला असायची. अण्णा सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि त्यांच्यानंतर ती मागायला कुणी आलं नव्हतं. त्यांच्या वरची, तिसऱ्या मजल्यावरची दोन्ही घरं बंद होती. रणजितला घेऊन वासंती वर गेली. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. टाक्या, वाळत घातलेल्या चादरींच्या रिकाम्या दोऱ्या, आणि कोपऱ्यात लोखंडी नळीवर ती पांढरी छत्री.

रणजित तिच्याभोवती फिरला आणि हसला. "ही सिंहगडाकडं तोंड करून लावलीय हो काकांनी. तिकडं आता काय हाय? डिशचं सगळं आग्नेयेला, हडपसरच्या अंगाला. जुन्या सवयीनं लावली वाटतं."

डोळे मिटून दिशा सांगणारा माणूस. वेधशाळेत बत्तीस वर्षं वाऱ्याच्या दिशा लिहिलेला. आणि शेवटच्या दिवशी त्याला एवढंही कळू नये? ऐंशी वर्षांचं शहाणपण असं एका दुपारी उलट्या दिशेला तोंड करून संपतं, याचं तिला रणजितसमोर रडू येईल असं वाटलं, म्हणून ती टाकीवरचं झाकण बघत उभी राहिली.

रणजितने छत्री फिरवली, पान्याने नट आवळला आणि डक्टवर वाकून हाक मारली, "आजी, आलं का?"

खालून उत्तर आलं नाही. त्याने दोनदा विचारलं. शेवटी वासंती खाली उतरली. टीव्हीवर स्वच्छ चित्र होतं. कुणीतरी बाई तबला वाजवत होती. आई स्वयंपाकघरात खिडकीला पाठ लावून उभी होती. खिडकी तिने लावून घेतली होती.

"आई, आलंय की. सांगायचंस ना."

"परक्या माणसाला काय ओरडून सांगायचं," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी वासंतीने अण्णांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि बातम्या संपेपर्यंत टीव्ही बघितला. काच फुगीर असल्यामुळे निवेदिकेचा चेहरा थोडा रुंद दिसत होता. तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून पडदा निळा झाला.

ती वर गेली. कुलूप जसंच्या तसं होतं. छत्री सिंहगडाकडे वळलेली होती आणि नट ढिला होऊन नळीवर लोंबत होता. तिने स्वतः फिरवून पाहिली, पण तिला ते साधेना. पुन्हा रणजितला बोलावलं. तो कुरकुरत आला, नट आवळला, त्यावर दुसरा नट बसवला, वरून लाल रंगाची रेघ मारली.

"वाऱ्यानं हे फिरत न्हाय, ताई. पाना लावूनच निघतंय. किल्ली कुणाकडं असती?"

"माझ्याकडे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या पिशवीची चेन लावली. "पुढच्या येळेला दुसऱ्या कुणाला बोलवा. माझी दिवाळी हाय."

पुढच्या दुपारी पुन्हा निळं. लाल रेघ मधोमध तुटली होती, आणि दोन्ही नट कठड्यावर शेजारी शेजारी ठेवलेले होते. काम चालू असताना हरवू नयेत म्हणून ठेवतात, तसे. वासंतीने ते पाहिले आणि हात लावला नाही. कुणी खोडसाळ पोर, पाइपवरून चढणारा. टाकी धुणारी माणसं. दुसऱ्या किल्लीची शक्यता. वर्गात ती मुलांना सांगायची, विचित्र घटनेला आधी साधी कारणं संपवा. ती संपवत बसली.

तिने टीव्हीचा नाद सोडला. सोडला नाही तो आईने. हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. सकाळभर टीव्ही बंद असे. जेवायची वेळ झाली की आई स्वतः बटण दाबायची, निळा पडदा लावून ठेवायची, आणि स्वयंपाकघरात डक्टच्या खिडकीजवळ खुर्ची ओढून, ताट ओट्याच्या कडेला ठेवून बसायची. तिथून दारातून टीव्ही सरळ दिसायचा. खिडकी आता उघडी असायची.

"निळ्यात काय बघतेस?" वासंतीने विचारलं.

"असू दे लावलेला."

आई जेवायची मात्र छान. एप्रिलपासून तिच्या गालांवर मांस आलं होतं. भेटायला येणाऱ्या बायका जाताना वासंतीला दारात सांगायच्या, "वहिनींनी फार धीर धरलाय हो." वासंतीलाही तसंच वाटायचं. सुट्टी लागेपर्यंत दुपारी ती कधी घरी नसायचीच.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ती आतल्या खोलीत पुस्तक घेऊन पडली होती. खाली रस्त्यावर स्कूटरवाल्यांची वादावादी चालली होती. मग ती थांबली. तेवढ्या शांततेत तिला बाहेरच्या खोलीतून द्राक्षांच्या छाटणीबद्दल बोलणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू आला. टीव्हीवर चित्र आलं होतं. आपोआप.

ती उठून दारात आली. पडद्यावर सह्याद्री वाहिनी होती, एका पानाची शिरन् शिर दिसत होती. आई खुर्चीवर, हातात वाफेचा वरणभात कालवत. तिने मान वळवून टीव्हीकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग खिडकीकडे तोंड केलं आणि दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं, तशा आवाजात म्हणाली:

"नाही आलं."

आणि घास घेतला.

चित्र थरथरलं. द्राक्षांचे चौकोन चौकोन झाले, माणसाचा आवाज मधेच कापला गेला, आणि पडदा निळा झाला.

वासंती किल्ली घेऊन वर गेली. जिना चढताना पाय चटचट उचलत होती. तिने कुलूप काढून दार ढकललं. गच्चीवर कुणी नव्हतं. फरशी तापून चपलेतून लागत होती. छत्री सिंहगडाकडे होती, आणि नळीवर अजून किंचित हलत होती. ती थांबेपर्यंत वासंती बघत राहिली. मग पुढे होऊन तिने हात लावला. पत्र्याला चटका बसत होता. पण कडेला, जिथे दोन्ही हातांनी धरून फिरवायची, तिथे तो ओला होता. घामाने ओला असतो तसा.

ती खाली आली तेव्हा आई ताकभातावर आली होती.

"कुणाशी बोललीस?"

"जेवतेय ना मी."

"आई, चित्र आलं होतं. मी बघितलं. स्वच्छ होतं."

"मलाही दिसत होतं. मोतीबिंदू काढलाय माझा."

"मग नाही का म्हणालीस?"

आईने बोटं चाटली. आई कधी बोटं चाटत नसे. अण्णांना ते खपत नसे. मग तिने लोणच्याची फोड ताटाच्या कडेला सारली आणि वासंतीकडे न बघता बोलायला लागली.

"त्या दिवशीही आलं होतं."

"कुठल्या दिवशी?"

"ते गेले त्या दिवशी. छत्री पहिल्याच झटक्यात बरोबर लावली होती त्यांनी. त्यांचं कुठे काही चुकायचं. तो रणजित वर सांगत होता ते ऐकलं मी, सवयीनं झालं म्हणून. सवय कसली. पहिल्यांदा हडपसरकडेच लावली होती."

वासंती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"ते वर गेले, तर मी म्हटलं, हे वर आहेत तोवर दोन घास खाऊन घ्यावेत. वाढून घेतलं. भात नुकता उतरवला होता. लग्न झाल्यापासून या घरात मी गरम जेवले नव्हते, वासू. आधी ते. मग तुम्ही पोरं. मग सासूबाईंचं औषध. मग झाकपाक. मग मी. सासूबाई गेल्या, तुम्ही गेलात, तरी आपलं तेच. ते हात धुऊन उठल्याशिवाय मी बसायचं नाही. आणि ते उठायचे नाहीत. पेपर वाचायचे ताटावर." आईने एक घोट पाणी घेतलं. "त्यांनी विचारलं, आलं का. मी बघितलं, आलं होतं. पण भात तोंडात होता. मी म्हटलं, नाही आलं. तेवढ्यात भात झाला. पुन्हा विचारलं. म्हटलं, नाही. पोळी झाली. मग ताक घेतलं. ते आपले फिरवताहेत, विचारताहेत. चिडून विचारायला लागले. मग..."

"मग काय?"

"मग विचारायचे थांबले."

बाहेर स्कूटरवाल्यांचं पुन्हा सुरू झालं होतं.

"ताट घासून पालथं घातलं. ओटा पुसला. मग मी वर गेले बघायला."

वासंतीला पहिल्यांदा आठवली ती छत्री. हडपसर सोडून, एकेक करत सगळं आकाश शोधून, शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा सिंहगड. अण्णा चुकले नव्हते. त्यांना चुकवलं होतं. इतके दिवस ती ज्या म्हाताऱ्याची कीव करत होती, तो म्हातारा शेवटपर्यंत बरोबर होता.

"आता रोज विचारतात," आई म्हणाली. "कधी उशिरा, कधी लवकर. मी टीव्ही लावून ठेवते. न बघता उत्तर द्यायचं नसतं ना."

"आणि तू रोज नाही म्हणतेस."

"रोज गरम जेवते."

"आई, वर ऊन आहे."

"असू दे. मी नव्हते का स्वयंपाकघरात."

हे ती रागाने म्हणाली असती तर वासंतीला सोसलं असतं. ती फक्त सांगत होती. मग तिने पहिल्यांदा वर पाहिलं आणि तिच्या आवाजात काहीतरी बदललं.

"तू मात्र 'आलं' म्हणू नकोस हं. तुझ्या शब्दावर ते येतील. माझ्या शब्दावर कधी विश्वास नव्हता, पण वर थांबलेत खरे. येवढं ऐक माझं. वासू, येवढं एक."

आईचं 'ऐक'सुद्धा त्या घरात कधी कुणी मोजलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आमोद संध्याकाळी येणार होता. वासंतीने सकाळी नारळ खवून दिला, फुलं आणली, आणि आईशी गरजेपुरतं बोलली. म्हाताऱ्या माणसाचं मन असं भरकटतं, हे ती स्वतःला सांगत होती. शोकाचं असं होतं, अपराधाचं असं होतं. पुस्तकांत पानंच्या पानं असतात याच्यावर. कडेवरचा ओलावा हा तिच्या स्वतःच्या हाताचा असू शकतो. सगळं मान्य करून ती जेवणाच्या वेळी एक खुर्ची घेऊन खिडकीच्या या बाजूला, आईसमोर बसली. तिला फक्त खात्री करायची होती. त्यापलीकडे काही हवं असेल, तर ते तिने स्वतःशीही उच्चारलं नव्हतं.

आईने टीव्ही लावला. निळा. आमटीचं पातेलं उतरवलं, ताट वाढलं. भातावर तूप घातलं, ते विरघळताना दिसलं.

"तू बाहेर बस ना," आई म्हणाली.

"इथे बरी आहे."

आईने दोन घास खाल्ले. डक्टमध्ये कबुतराचे पंख फडफडले आणि वर कुठेतरी धातू धातूवर घासल्याचा आवाज झाला. बारीक, किरकिरा, थांबत थांबत.

बाहेरच्या खोलीत कुणीतरी गायला लागलं. चित्र आलं होतं.

आणि मग वरून, डक्टमधून, भिंतीभिंतीवर आपटत:

"आलं का?"

वासंतीला वाटलं होतं, ऐकू आलं तर आपण घाबरू. ती घाबरली नाही. घसा कोरडा पडलेला, 'का' थोडा लांबलेला, शेवटी खोकला दाबलेला. जन्मभर ओळखीचा. फक्त फार थकलेला.

आईने टीव्हीकडे पाहिलं. मग वासंतीकडे. तोंडात घास होता. तिने नुसती मान हलवली. नको.

"आलं का? कुणी आहे का खाली?"

तो 'कुणी आहे का' वासंतीच्या छातीत गेला. दुपारी घरात एकही माणूस उत्तर द्यायला नसावा, अशा आवाजात तो विचारत होता. आई घास गिळून बोलणार, तिचे ओठ उघडलेले, एवढ्यात वासंती उठली, खिडकीच्या गजांना धरून तिने तोंड वर केलं. चौकोनी आकाशाचा तुकडा पांढरा, झोंबणारा. त्याच्या कडेला काही होतं की नाही, ते उजेडात दिसलं नाही.

"आलं, अण्णा," ती म्हणाली. "स्वच्छ आलंय. राहू द्या आता. खाली या."

वर शांत झालं.

चित्र हललं नाही. गाणारी बाई गात राहिली.

बराच वेळ काही नाही. मग गच्चीच्या दाराची कडी वाजली. त्याच्या कुलपाची किल्ली वासंतीच्या कमरेला होती.

चपला. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. कठड्याला धरून उतरणारा माणूस.

तिसरा मजला. तिथे तो दम खायला थांबला.

वासंतीचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "आई, ऐकतेस ना? येताहेत." ती वळली.

आई केव्हाच उठली होती. तिने हात धुतले होते, पदर खांद्यावरून घेतला होता. तिच्या ताटात भात अर्धा होता, वाफ अजून निघत होती. तिने ते ताट उचललं, वर दुसरं झाकलं, आणि ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात सरकवून ठेवलं. आमटीखालचा गॅस पेटवला. मग भिंतीला टेकून, हात पुढे जुळवून, दाराकडे बघत उभी राहिली.